वेगाचा हिशेब मिनिटांत व्हावा

अमेरिकेत बोस्टन ते वॉशिंग्टन या ७३५ किलोमीटरच्या मार्गावर डिसेंबर २००० मध्ये ‘असेला’ ही गाडी सुरू झाली, तेव्हा तिच्या नावापुढे एकच आकडा मिरवला गेला : ताशी २४० किलोमीटर. आकडा खोटा नव्हता. मार्गाच्या काही सरळ तुकड्यांवर गाडी त्या वेगाने धावत होती. पण तीच गाडी बाल्टिमोर शहराखालच्या बोगद्यात ताशी ४८ किलोमीटरवर यायची, कारण बोगदा १८७३ सालचा, अरुंद आणि वळणाचा. न्यू जर्सीत हॅकनसॅक नदीवरचा फिरता पूल १९१० चा. बोटीला वाट द्यायला तो उघडला की कधीकधी पुन्हा नीट बसायचाच नाही आणि मागे गाड्यांची रांग लागायची. टोकापासून टोकापर्यंतच्या प्रवासाची सरासरी काढली तर ती ताशी ११० किलोमीटरच्या आसपास भरत होती.

जुने लोहमार्ग नव्याने बांधून त्यांवर वेगवान प्रवासी गाड्या चालवण्यासाठी सरकारने पैसा घालावा का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे. बहुतेक ठिकाणी कोरा करकरीत मार्ग टाकण्याआधी हेच करायला हवं, असंही मला वाटतं. पण हा पैसा कशावर खर्च होतो यावर सगळं अवलंबून आहे, आणि आजवरचा अनुभव असा की तो बहुधा चुकीच्या आकड्यामागे धावतो. मंत्री, कंत्राटदार, गाड्या बनवणारे कारखाने आणि आम्ही लिहिणारे, सगळ्यांनाच सर्वोच्च वेग आवडतो. प्रवाशाला मात्र घरून निघून मुक्कामी पोहोचायला किती वेळ लागला, एवढंच कळतं.

गणित शाळेतलंच आहे. १०० किलोमीटरचा तुकडा ताशी १६० च्या वेगाने पार करायला साडेसदतीस मिनिटं लागतात. वेग २०० केला की ३० मिनिटं. साडेसात मिनिटं वाचली. आता शहराच्या तोंडाशी असलेला १० किलोमीटरचा असा तुकडा घ्या, की जुना पूल, सांध्यांचं जंजाळ आणि आवळ वळणं यांमुळे तिथे गाडी ४० च्या वर जाऊच शकत नाही. तिथला वेग नुसता ८० केला तरी बरोबर साडेसात मिनिटंच वाचतात. पहिल्या कामासाठी १०० किलोमीटर रूळ, खडी, तारा, सिग्नल आणि कुंपण बदलायचं, शिवाय गाड्या नव्या घ्यायच्या. दुसऱ्यासाठी १० किलोमीटर. आणि या दुसऱ्या कामाचा फायदा त्या तुकड्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मिळतो. आगगाडी कितीही साधी असो, लोकल असो की मालगाडी, तिचीही मिनिटं वाचतात. २०० च्या वेगाचा फायदा फक्त २०० ने धावू शकणाऱ्या गाडीला.

प्रत्यक्षात मंद जागेचं नुकसान तिच्या लांबीपेक्षा मोठं असतं. २०० ने धावणारी गाडी हळू करायला काही किलोमीटर आधीपासून ब्रेक लावावे लागतात आणि जागा ओलांडल्यावर पुन्हा वेग घ्यायला आणखी काही किलोमीटर जातात. दीड-दोन किलोमीटरची एक खोडी अशी आजूबाजूचा बराच चांगला मार्ग वाया घालवते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे शहरातली कामं फार महाग पडतात. पडतात खरी. बाल्टिमोरच्या त्या बोगद्याच्या जागी नवा बोगदा खोदायचा अंदाजच ६ अब्ज डॉलरच्या घरात आहे. मोकळ्या रानात रूळ बदलणं त्यापुढे स्वस्त. पण स्वस्त आहे म्हणून आधी तेच करायचं, हा कारभार असला तरी नियोजन नव्हे. १८७३ चा बोगदा कधी ना कधी बदलावाच लागणार होता. तो दीडशे वर्षं रेटला गेला, कारण ४८ च्या जागी १६० झाले तरी त्याची जाहिरात करता येत नाही.

जुन्या मार्गातून किती वेग निघेल, हे मुख्यतः तो मार्ग पहिल्यांदा आखणाऱ्याने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेलं असतं. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात. पण ही उंची एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही, नाहीतर त्याच वळणावर थांबलेल्या किंवा रेंगाळणाऱ्या गाडीतले प्रवासी आतल्या बाजूला कलंडतील आणि जड मालगाड्या आतला रूळ झिजवून टाकतील. त्यामुळे वेग वाढवायचा तर वळणच सैल करावं लागतं, तेही वेगाच्या वर्गाच्या पटीत. ढोबळमानाने १६० साठी १,२०० मीटर त्रिज्येचं वळण पुरतं, २०० ला १,९०० मीटर लागतात, आणि ३०० ला सव्वाचार हजार. डोंगराळ मुलखात नदीच्या काठाकाठाने गेलेल्या मार्गावर ३०० च्या गोष्टी करणं म्हणजे तो मार्ग सोडून देणंच आहे. मग त्याला ‘पुनर्बांधणी’ म्हणू नये.

उलट काही पूर्वजांनी फार उदार वारसा ठेवला. लंडनहून ब्रिस्टलला जाणारा मार्ग ब्रुनेल या इंजिनिअरने आखला आणि तो १८४१ मध्ये पूर्ण झाला. चढ नावापुरते, वळणं सैल. त्या काळच्या इंजिनांना इतक्या मोकळ्या मार्गाची गरज होती का, यावर तेव्हाही वाद झाले असतील. १९७६ मध्ये ब्रिटिश रेल्वेने याच मार्गावर ताशी २०० किलोमीटर धावणाऱ्या डिझेल गाड्या आणल्या. नवा मार्ग नाही, वर विजेच्या ताराही नाहीत. रूळ आणि सिग्नल सुधारले, गाडीला दोन्ही टोकांना इंजिन दिलं, ब्रेक असे बनवले की आधीच्या सिग्नलच्या अंतरातच गाडी थांबेल. ज्या काळात लोक रेल्वे सोडून मोटारीकडे वळत होते, त्या काळात या गाड्यांनी प्रवासी परत आणले. पैशाला पैसा वसूल करणारी रेल्वेतली गुंतवणूक म्हणून मला आजही पहिल्यांदा हीच आठवते.

स्वीडनने १९९० मध्ये वेगळी युक्ती केली. रूळ तेच ठेवले आणि वळणावर आत झुकणारे डबे आणले. ‘एक्स २०००’ ही गाडी जुन्याच मार्गावर २०० ने धावू लागली. युक्ती सुरेख, पण तिची मर्यादा अनेकदा सांगितली जात नाही : डबा झुकल्याने आतल्या माणसाचा चहा सांडत नाही, रुळावर पडणारा आडवा जोर मात्र कमी होत नाही. वेग वाढला म्हणजे तो वाढतोच. म्हणून झुकणारी गाडी घेतली तर रूळ सांभाळायचा खर्चही वाढणार, हे आधीच मांडायला हवं.

वळणांखालोखाल महत्त्वाचं काय, तर जे दिसत नाही ते. नवे रूळ आणि त्यांखालचे चकचकीत काँक्रीटचे स्लीपर, म्हणजे आडव्या तुळया, फोटोत छान येतात. पण गाडीचा भार अखेर पेलते ती खालची माती. तिच्यात पाणी मुरत असेल, निचरा बुजला असेल, तर वरची खडी वर्षभरात चिखलात रुतते आणि रूळ पुन्हा खालीवर होतात. जुने भराव त्या काळच्या हलक्या, सावकाश गाड्यांसाठी घातलेले. त्यांना हात न लावता वर नवा साज चढवला की पहिली दोन वर्षं सगळं झकास चालतं आणि मग एकेक वेगमर्यादा परत येऊ लागते. पुलाच्या तोंडाशी, जिथे मऊ भराव संपून कडक बांधकाम सुरू होतं, तिथे तर हमखास. पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकात निचऱ्याच्या आणि भरावाच्या कामाला किती रक्कम धरली आहे, हे मी सगळ्यांत आधी बघेन. एवढ्या एका आकड्यावरून बाकीच्या कागदपत्रांचा बराचसा अंदाज येतो.

फाटकांचं आणि सिग्नलचं थोडक्यात सांगतो. पुष्कळ देशांत १६० च्या वर गेलं की रुळाकडेच्या सिग्नलवर विसंबत नाहीत, ते चालकाच्या समोर केबिनमध्येच दाखवावे लागतात. ब्रिटनसारखे अपवाद आहेत. जर्मनीत १६० च्या वर धावायचं तर मार्गावर एकही फाटक ठेवता येत नाही. रस्ता पुलावरून किंवा खालून न्यावाच लागतो. म्हणून १६० ही पुष्कळ देशांत नैसर्गिक पायरी आहे. तिथपर्यंत खर्च हळूहळू चढतो, पुढे एकदम उसळतो. एखाद्या मार्गावर ती पायरी चढायची की नाही, हा शुद्ध हिशेबाचा प्रश्न आहे. १६० वर थांबणं यात कमीपणा काही नाही.

हॅम्बुर्ग ते बर्लिन हा मार्ग ती पायरी चढला, आणि मला वाटतं ते योग्यच होतं. साधारण २८५ किलोमीटर, सपाट मुलूख, सरळ आखणी. १९३३ मध्येच ‘फ्लीगेंडर हाम्बुर्गर’ नावाची डिझेल गाडी हे अंतर १३८ मिनिटांत कापायची, तिचा सर्वोच्च वेग १६० होता. नंतर युद्ध झालं, देशाची फाळणी झाली, मार्ग सीमेने तुटला. पुढची कित्येक दशकं ती वेळ कुठल्याही गाडीला गाठता आली नाही. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर या दोन शहरांमध्ये चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणाऱ्या गाडीचा मार्ग बांधायचा घाट घातला गेला, तो २००० मध्ये सोडून दिला, आणि त्याऐवजी जुनाच मार्ग २३० च्या वेगासाठी सिद्ध केला. सगळी फाटकं काढली. डिसेंबर २००४ पासून प्रवास दीड तासावर आला. २३० हा आकडा जगाच्या वेगवान गाड्यांच्या यादीत कुठे खालीच लागतो, पण दोन मोठ्या शहरांमधलं विमान त्याने निरर्थक करून टाकलं.

मिनिटांचा हिशेब सर्वांत शहाणपणाने केला तो स्वित्झर्लंडने. १९८७ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘बान २०००’ ही योजना जनमताने मंजूर केली. तिचा गाभा असा : शक्य तितक्या नव्हे, हव्या तितक्या वेगाने. आधी वेळापत्रक आखलं. मोठ्या स्थानकांवर सगळ्या दिशांच्या गाड्या ठरावीक मिनिटाला एकत्र येतील, प्रवासी एका गाडीतून उतरून समोरच्या गाडीत बसतील, आणि थोड्या वेळाने सगळ्या गाड्या पांगतील. हे जमायला दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या जरा आत बसायला हवा. झ्युरिक ते बर्न तासाच्या थोडं बाहेर होतं. मग तेवढ्यापुरता, मॅटस्टेटन ते रोथ्रिस्ट असा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा तुकडा बांधला. बाकी जुनाच मार्ग सुधारला. डिसेंबर २००४ मध्ये एका रात्रीत देशभरचं वेळापत्रक बदललं, आणि पहिला टप्पा ठरलेल्या रकमेपेक्षा कमी खर्चात पुरा झाला. जिथे चार मिनिटं वाचवून पुढची गाडी लवकर मिळणार नव्हती, तिथे ती चार मिनिटं विकत घेतलीच नाहीत. हा संयम फारच दुर्मीळ आहे. शंभर ठिकाणी थोडं थोडं काम झालं, प्रत्येक कामाचा उपयोग वेळापत्रकात आधीच लिहिलेला होता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग जपानने काय मूर्खपणा केला? टोकियो ते ओसाका हा ५१५ किलोमीटरचा कोरा मार्ग १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाला आणि वेगवान रेल्वेचं युगच तिथून मोजलं जातं. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. त्यापायी रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी यांना उद्घाटनाआधीच पायउतार व्हावं लागलं. तरी निर्णय बरोबर होता. जुना तोकाइदो मार्ग १,०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा), आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो भरून वाहत होता. तिथे प्रश्न वेगाचा नव्हताच. आणखी गाड्या चालवायला जागाच उरली नव्हती. नवा मार्ग बांधायचा तर तो रुंद आणि वेगवान बांधूया, हा पुढचा विचार.

हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण भरलेल्या मार्गावर वेग वाढवला तर जागा आणखी घटते. १०० किलोमीटरचा मार्ग घ्या, मध्ये कुठेही एका गाडीला दुसरीच्या पुढे जाऊ द्यायची सोय नाही. ८० ने जाणारी मालगाडी तो सव्वा तासात पार करते, १६० ची प्रवासी गाडी साडेसदतीस मिनिटांत. म्हणजे मालगाडी सुटल्यावर प्रवासी गाडीला निदान साडेसदतीस मिनिटं थांबवून ठेवावं लागेल, नाहीतर ती वाटेत मालगाडीच्या शेपटाला जाऊन भिडेल. प्रवासी गाडी २०० ची केली की हेच अंतर ४५ मिनिटांवर जातं. जितकी गाडी वेगवान, तितका तिच्यापुढचा मार्ग मोकळा ठेवायचा. सगळ्या गाड्या एकाच वेगाने धावल्या तर मार्गावर सर्वाधिक गाड्या मावतात. वेगांत तफावत पडली की कमी. म्हणून जुन्या मार्गाच्या पुनर्बांधणीत ठिकठिकाणी लांब लूप (मंद गाडी बाजूला घ्यायचे रूळ) किंवा तिसरी-चौथी लाइन धरलेली नसेल, तर तो प्रस्ताव कागदावर कितीही देखणा असला तरी रोजच्या वाहतुकीत कोसळणार.

ब्रिटनच्या वेस्ट कोस्ट मेन लाइनवर नेमकं हेच रामायण घडलं. लंडनहून बर्मिंगहॅम, मँचेस्टर, ग्लासगोकडे जाणारा हा युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या मिश्र वाहतुकीच्या मार्गांपैकी एक. नव्वदच्या दशकात ‘रेलट्रॅक’ या खासगी झालेल्या कंपनीने तो ताशी २२५ किलोमीटरसाठी सुधारायचं कबूल केलं, अंदाज दोन-अडीच अब्ज पौंडांचा. त्यात सिग्नलची अशी यंत्रणा गृहीत धरली होती की जी एवढ्या मोठ्या, वर्दळीच्या मुख्य मार्गावर तोवर कुठेच चाललेली नव्हती. ती शेवटी सोडूनच द्यावी लागली. कंपनी ऑक्टोबर २००१ मध्ये बुडीत निघाली. काम २००८ मध्ये संपलं तेव्हा सुमारे ९ अब्ज पौंड खर्च झाले होते आणि वेग मिळाला २००. मधली सगळी वर्षं प्रवाशांनी सुट्टीच्या दिवशी ब्लॉक, वळवलेल्या गाड्या आणि बदली बस सोसल्या. रहदारी चालू ठेवून मार्ग उकरायचा म्हणजे रात्रीचे तीन-चार तास काम. त्यातला एक तास यंत्रं आणण्यात आणि एक परत नेण्यात जातो.

पण त्याहून टोचणारी गोष्ट पुढची. सुधारलेल्या मार्गावर प्रवासी वाढले, आणि काही वर्षांतच तो पुन्हा भरला. मग एचएस-२ या कोऱ्या मार्गाचा निर्णय झाला, त्याचाही खर्च फुगला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या पुढचा मँचेस्टरपर्यंतचा भाग रद्द झाला. त्या वादात समर्थकांनीही सुरुवातीला वेगाचंच तुणतुणं वाजवलं. जुन्या मार्गावर लोकल आणि मालगाड्यांना जागा मोकळी करून देणं, हा खरा मुद्दा त्यांनी उशिरा काढला. तोवर ‘वीस मिनिटं वाचवायला एवढे पैसे?’ हा सवाल लोकांच्या मनात पक्का बसला होता.

चीनने याच वाटेने जाऊन वेळीच वळण घेतलं. १९९७ ते २००७ या काळात सहा टप्प्यांत जुन्या मार्गांचा वेग वाढवला. शेवटच्या टप्प्यानंतर सुमारे ६,००० किलोमीटर जुना मार्ग २०० च्या लायक झाला. पण कोळशाच्या मालगाड्या आणि या गाड्या एकाच रुळांवर मावेनात. मग प्रवासी वाहतुकीसाठी स्वतंत्र मार्ग आले आणि जुने मार्ग मालगाड्यांसाठी मोकळे झाले. तेव्हा माझा मुद्दा ‘जुनं ते सोनं’ असा अजिबात नाही. मार्ग भरलेला असेल, मालवाहतूक वाढती असेल, तर जुन्यावर अब्जावधी ओतणं ही उधळपट्टी आहे आणि नवा मार्ग हीच काटकसर. फक्त हे गाड्यांच्या मोजणीवरून सिद्ध झालं पाहिजे. नवा मार्ग दिसायला आधुनिक वाटतो, हे कारण पुरेसं नाही.

आणि नवा मार्ग म्हणजे सगळंच नवं, असंही नाही. १९८१ मध्ये फ्रान्सची टीजीव्ही ही वेगवान गाडी पॅरिसहून ल्यॉंला निघाली ती पॅरिसच्या जुन्याच स्थानकातून, जुन्याच रुळांवरून. शहराबाहेर पडल्यावर नवा मार्ग पकडला. ल्यॉंच्या पुढेही ती जुन्या मार्गांवरून दूरदूरच्या गावांपर्यंत गेली, कारण गेज एकच. त्यामुळे ज्या गावांत एक किलोमीटरही नवा मार्ग नव्हता तिथल्या लोकांनाही फायदा झाला. शहराच्या पोटातून नवा मार्ग काढायचा सगळ्यांत महागडा भाग यातून टळला. वेगवान रेल्वे बांधायला निघालेल्या कॅलिफोर्नियाला हे शहाणपण उशिरा सुचलं. २००८ मध्ये मतदारांनी सुमारे १० अब्ज डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली, तेव्हा पूर्ण योजनेचा अंदाज ३३ अब्जांच्या आसपास होता. तो आता १०० अब्जांच्या पुढे गेला आहे आणि एकही वेगवान गाडी धावलेली नाही. त्या पैशातून हाती लागलेली ठोस वस्तू कोणती, तर सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे हा जुना उपनगरी मार्ग. तो विजेवर आणला गेला आणि २०२४ पासून तिथे विजेच्या गाड्या धावू लागल्या. भविष्यातली वेगवान गाडी याच रुळांवरून शहरात शिरणार आहे. ती कधीही येवो, उपनगरांतल्या लोकांना सुधारलेली लोकल आजच मिळाली. जुन्या मार्गाच्या कामाचा हा मोठा गुण : अर्ध्यावर थांबलं तरी झालेलं अर्धं कामाला येतं. अर्धा झालेला कोरा मार्ग मात्र कुठेच पोहोचत नाही.

पुनर्बांधणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी शिकागो–सेंट लुईस मार्गाकडेही नीट पाहावं. ४५७ किलोमीटर. २००९ च्या मंदीत अमेरिकी सरकारने वेगवान रेल्वेसाठी ८ अब्ज डॉलर काढले, त्यातून आणि राज्याच्या पैशातून इथे सुमारे २ अब्ज खर्च झाले. नवे रूळ, काँक्रीटचे स्लीपर, चार दांड्यांची फाटकं. १७७ च्या वेगाने गाड्या नियमित धावू लागल्या त्या २०२३ च्या जूनमध्ये. इतकं करूनही पूर्ण प्रवासाची सरासरी ताशी १०० च्या आत आहे. कारण मधला मोठा भाग सुधारला, पण शिकागोकडचं टोक, जिथे मार्ग दुसऱ्याच मालवाहू कंपनीच्या मालकीचा आहे आणि जिथे गाड्या खरोखर अडकतात, ते जवळजवळ तसंच राहिलं. सुधारलेला भागही खासगी मालवाहू कंपनीचाच. लोकांच्या पैशाने तिचे रूळ नवे झाले. तिथे प्रवासी गाडीला आधी जाऊ द्यायचं की मैलभर लांबीच्या मालगाडीला, हे ठरवणारा कंट्रोलर मात्र तिच्याच पगारावर. कुणाच्या मालकीच्या रुळांवर आपण पैसा घालतो आहोत आणि त्या बदल्यात गाडीला अग्रक्रमाची लेखी हमी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायचं असतं. नंतर विचारून काही मिळत नाही. मिशिगन राज्याने २०१२ मध्ये आपल्या हद्दीतला मार्गाचा मोठा तुकडा मालवाहू कंपनीकडून विकतच घेतला आणि मग त्यावर पैसा घातला. हा क्रम बरोबर.

किंमत कोण मोजतं, हा प्रश्न मालकीपुरताच नाही. मॉस्को–सेंट पीटर्सबर्ग या जुन्या मार्गावर डिसेंबर २००९ मध्ये ‘सापसान’ गाड्या २५० पर्यंतच्या वेगाने धावू लागल्या. त्यांना वाट द्यायला गावोगावच्या लोकलगाड्या रद्द झाल्या, फाटकं तासन्‌तास बंद राहू लागली. लोकांनी गाडीवर दगड मारले. दगड मारणं गुन्हाच आहे, पण राग समजण्यासारखा होता : गाडी त्यांच्या अंगणातून जात होती, त्यांच्यासाठी थांबत नव्हती आणि त्यांची स्वतःची गाडी तिने खाल्ली होती. पुनर्बांधणीचा प्रस्ताव मांडताना छोट्या स्थानकांवरच्या गाड्या आधीइतक्या किंवा अधिक राहतील अशी अट घातली नाही, तर तो मार्गाकडेच्या लोकांकडून शहरांकडे वळवलेला पैसा ठरतो.

आता देखभाल. इथे माझा सूर थोडा कडवट होणार आहे. १७ ऑक्टोबर २००० ला इंग्लंडमधल्या हॅटफील्डजवळ ताशी १८५ च्या आसपास धावणाऱ्या गाडीखाली रूळ अक्षरशः तुकडे होऊन फुटला आणि चार माणसं गेली. चाकांच्या घासणीने रुळाच्या कडेला बारीक तडे पडतात, ते आत शिरतात. तो रूळ खराब आहे हे माहीत होतं, बदलायचा ठरलाही होता. अपघातानंतर घाबरून देशभरात १,२०० हून जास्त ठिकाणी वेगमर्यादा लावल्या गेल्या आणि काही महिने ब्रिटनची रेल्वे जणू जागच्या जागी थबकली. १९७६ पासून कमावलेला वेग, रूळ घासायला आणि तपासायला पुरेसा पैसा नव्हता म्हणून, काही दिवसांत गेला. वेगवान मार्गाला सहन होणारी चूक मिलिमीटरमध्ये मोजतात. ती सांभाळणारी माणसं आणि यंत्रं दर रात्री लागतात, आणि त्यांच्यासाठी फीत कापायला कुणी येत नाही.

जर्मनीचीही तीच कथा, अधिक संथपणे घडलेली. सुधारलेले मार्ग, सुरेख गाड्या, आणि देखभालीत वर्षानुवर्षं केलेली कंजुषी. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर असा सैल निकष लावून. शेवटी त्यांनी गजबजलेले मार्ग एकेक करून पूर्ण बंद ठेवून दुरुस्त करायचं ठरवलं. फ्रँकफर्ट–मानहाइमचा सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग २०२४ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत पाच महिने बंद होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पाळी आली हॅम्बुर्ग–बर्लिनची. दीड तासाच्या त्याच मार्गावर नऊ महिन्यांचा बंद जाहीर झाला, गाड्या वळसा घालून पाऊण तास जास्त घेत जाऊ लागल्या.

टीकाकार याकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, वीस वर्षांत पुन्हा सगळं उकरावं लागलं. नवा मार्गच बांधला असता तर? नव्या मार्गाचे रूळही तितकेच झिजतात आणि तेही बदलावेच लागतात. मला ही बंदची पद्धत मात्र पटते. सलग काही महिन्यांत भराव, रूळ, तारा, सिग्नल असं सगळं उरकणं हे दहा वर्षं दर रविवारी थोडं थोडं उकरण्यापेक्षा प्रवाशावर कमी अन्याय करतं, आणि खालच्या मातीपर्यंत पोहोचायची संधी अशाच वेळी मिळते. त्यासाठी वळशाचा मार्ग आधी धड असावा लागतो, आणि ते काम बंदच्या आधीच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात यावं लागतं. पुनर्बांधणीसाठी पैसा मागणाऱ्या प्रस्तावात मला म्हणून आणखी दोन ओळी हव्या आहेत : हा मार्ग पुन्हा कोणत्या वर्षी पूर्ण बंद करावा लागेल, आणि तोवर दर वर्षी रूळ घासायला, खडी चोपायला आणि तडे तपासायला किती रक्कम राखून ठेवली आहे. ही रक्कम बांधकामाच्या मंजुरीसोबतच, त्याच मतदानात मंजूर व्हावी.